न्हाणीघर : मोरीपासून ब्लॉकपर्यंत

धान्याच्या पेढीवर बसणाऱ्या मनुष्याने न्हाणीघरासारख्या विषयावर लेख लिहावा, हे वाचकांस प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. आमच्याकडून तांदळाच्या भावांवर, अथवा २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या बालाघाटच्या चिन्नोरवर दोन शब्द येतील, अशीच बहुतेकांची अपेक्षा असणार. परंतु आपल्या गावात जुनी कवेलूंची घरे उतरवून त्या जागी नवी पक्की घरे उठविण्याचे काम सध्या जोरात चालू आहे. घर बांधणारा व्यापारी बंधू दुकानाच्या शटरविषयी, दिवाणखान्याच्या फरशीविषयी महिनोन् महिने विचार करतो, आणि न्हाणीघराचा प्रश्न मात्र मिस्त्रीवर सोपवून मोकळा होतो. वस्तुतः गेल्या शंभर-दीडशे वर्षांत घरातील जितके स्थलांतर ह्या एका खोलीचे झाले, तितके दुसऱ्या कोणत्याही खोलीचे झालेले नाही. ते कसे झाले, त्यात कोणकोणत्या युक्त्या लागल्या आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी शब्दांचा विचार करू. आज आपण ज्यास 'बाथरूम' म्हणतो त्या एका खोलीत तीन कामे एकत्र झालेली आहेत. जुन्या घरी ही तिन्ही कामे तीन ठिकाणी होत. स्नान नदीवर, आडावर किंवा परसातील न्हाणीत; भांडी घासणे व हातपाय धुणे स्वयंपाकघरालगतच्या मोरीत; आणि शौचविधी तर घराच्या कक्षेतच नव्हता. 'परसाकडे जाणे', 'बहिर्दिशेस जाणे' हे आपले वाक्प्रचारच त्याची साक्ष देतात. जे कार्य बाहेरच्या दिशेचे, ते घरात, तेही देवघर आणि चूल ह्यांच्या छपराखाली आणावयाचे, ही कल्पना आमच्या आजोबांच्या पिढीस केवळ अस्वच्छच नव्हे, तर अशुभ वाटे. तेव्हा आधुनिक बाथरूमचा इतिहास हा केवळ नळाचा आणि चिनी मातीच्या भांड्याचा इतिहास नसून, बाहेरची वस्तू घरात येण्याचा इतिहास आहे.

आपल्या भूमीस न्हाणीघर नवे नाही. मोहेंजोदडो येथे १९२५-२६ च्या उत्खननात जे महास्नानगृह उजेडात आले, त्याचा हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व अडीच मीटरच्या आत-बाहेर खोल आहे. पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला होता. पण आम्हांस त्या हौदापेक्षा तेथील सामान्य घरांतील न्हाणीचे अधिक कौतुक वाटते. भाजक्या विटांची घट्ट फरशी, तिला एका कोपऱ्याकडे दिलेला उतार, आणि भिंतीतून रस्त्यावरच्या झाकलेल्या नालीत जाणारी वाट, अशी तिची रचना असे. गुजरातेतील लोथल येथे १९५५ नंतर जे उत्खनन झाले, त्यात एका ओळीत बारा स्नानाचे ओटे सापडले. लोथल हे व्यापाऱ्यांचे गाव. तेथे वखार सापडली, वजने सापडली, मालावर लावावयाच्या मुद्रा सापडल्या. आणि त्याबरोबर उताराच्या न्हाण्याही सापडल्या. चार हजार वर्षांपूर्वीच्या आमच्या व्यवसायबंधूंस फरशीचा उतार समजत होता, आणि आजच्या कित्येक मिस्त्रींस तो समजत नाही, एवढेच येथे नमूद करून पुढे जातो.

मध्ययुगात पाणी खेळविण्याची विद्या आपल्याकडे फार उंचीस पोहोचली होती, परंतु तिचा लाभ राजवाड्यांस अधिक मिळाला. आपल्याच प्रांतातील बुऱ्हाणपूर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथील शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी आजही पाहावयास मिळते. त्याच शहराच्या पाण्यासाठी १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी ओळीने खणलेल्या कुंड्यांमधून व त्यांना जोडणाऱ्या भुयारातून केवळ उताराच्या बळावर गावात आणले गेले. तीच ही कुंडी भंडारा योजना. औरंगाबादेस मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर आणली, आणि पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी आणून ते शहरातील हौदांत सोडण्यात आले. हौद सार्वजनिक, पण हौदापासून घरापर्यंतचा प्रवास घागरीचा. आणि घागर कोणाच्या डोक्यावर वा कमरेवर होती हे सांगणे नलगे.

सर्वसामान्य मराठी घराने आपल्या मगदुराप्रमाणे जी न्हाणी सजविली, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. परसात तीन बाजूंनी कूड किंवा पडदीची भिंत, तळाशी शहाबादी अथवा गावच्या खाणीतील दगडाची फरशी, बसावयास पाट किंवा सपाट धोंडा, अंग घासण्यास खरबरीत दगड, कोनाड्यात शिकेकाई व डाळीचे पीठ. पाणी घेण्यास गंगाळ. गंगाळाच्या दोन्ही बाजूंस कड्या आणि तोंड पसरट, म्हणजे तांब्या बुडविण्यास हात अडत नाही. न्हाणीचे सांडपाणी केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात जाई, त्यामुळे पाणी फुकट जाण्याचा प्रश्नच नसे.

आणि बंब! बंब हे आमच्या मते त्या न्हाणीचे खरे यंत्र होय. तांब्याच्या उंच भांड्याच्या मध्यातून एक नळी वर गेलेली. नळीच्या तळाशी जाळी. जाळीवर गोवरी, ढलप्या किंवा कोळसा पेटवावयाचा. नळीभोवती पाणी असल्याने उष्णता चारही अंगांनी पाण्यासच मिळते. चुलीवरच्या हंड्याप्रमाणे ती अर्धी हवेत जात नाही. वरच्या तोंडातून एक तांब्या थंड पाणी ओतले की बाजूच्या तोटीतून तेवढेच कढत पाणी बाहेर पडते. रशियातील चहाच्या समोवाराची रचना अगदी ह्याच धर्तीची आहे. आजच्या विजेच्या टाकीतही हेच तत्त्व वापरले आहे : खालून थंड पाणी आत शिरते व वरचे तापलेले पाणी ढकलले जाऊन नळास येते. अग्नीच्या जागी विजेची कांडी आली, एवढाच काय तो फरक. 'गीझर' हे नाव आइसलंडमधील उष्ण कारंज्यावरून पडले. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन ह्याने गॅसवर पाणी तापविणारे जे यंत्र काढले, त्यास त्याने हे नाव दिले होते. पुण्याच्या तांबट आळीतील ठोके आणि आमच्या शेजारच्या भंडाऱ्याची पितळेची भांडी ह्यांची कीर्ती आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस तरी आठवत असेल. आज तेच बंब मोठ्या शहरांत शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवतात, आणि त्यात कृत्रिम फुले खोवतात. असो.

आता शौचाच्या भांड्याकडे वळू, कारण बाहेरची वस्तू घरात आणण्याची किमया ह्याच भांड्याने केली. इंग्लंडात सर जॉन हॅरिंग्टन ह्याने १५९६ मध्ये पाण्याच्या लोटाने धुतले जाणारे शौचपात्र वर्णन करून प्रसिद्ध केले, पण ते चालले नाही. कारण मल वाहून गेला तरी खालच्या नळीची दुर्गंधी वर येतच राही. ही अडचण सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, १७७५ मध्ये, अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने दूर केली. त्याने काय केले? पात्राखालच्या नळीस इंग्रजी 'एस' अक्षरासारखा बाक दिला. ह्या बाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते, आणि ते साचलेले पाणीच वायूस अडविणारे झाकण बनते. त्यास बिजागरी नको, रबर नको, कुलूप नको. प्रत्येक वेळी लोट सोडला की जुने पाणी जाते व नवे येते. झाकण आपोआप नवे होते. आपल्या घरी प्लंबर 'ट्रॅप' म्हणून जो भाग बसवितो तो हाच. न्हाणीच्या जाळीखालीही तो हवा. बरेच दिवस बंद राहिलेल्या खोलीत वास का येतो, असे पुष्कळ लोक विचारतात. त्याचे कारण एवढेच की ट्रॅपमधील पाणी वाळून गेलेले असते; दोन तांबे पाणी ओतावे, वास थांबतो. तीन वर्षांनी, १७७८ मध्ये, जोसेफ ब्रामा ह्याने त्या पात्रात सुधारणा केली. हाच गृहस्थ पुढे न उघडणाऱ्या कुलपांसाठी प्रसिद्धीस आला.

तरीही शोध लागला म्हणजे प्रसार झाला असे नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज ह्याने सार्वजनिक शौचालये मांडून एक पेनी शुल्क ठेवले, आणि आठ लाखांहून अधिक लोकांनी ती वापरली. पण शहरास मलवाहिन्या नसल्याने घरोघरचा लोट अखेर थेम्स नदीत जाऊ लागला. डॉ. जॉन स्नो ह्यांनी १८५४ मध्ये पटकीचा संबंध एका विहिरीच्या पाण्याशी दाखवून दिला होता. तथापि पार्लमेंटास जाग आली ती १८५८ च्या उन्हाळ्यात, नदीची दुर्गंधी सभागृहाच्या खिडक्यांतून आत आली तेव्हा. त्यानंतर बॅझलजेट ह्या अभियंत्याने लंडनच्या भुयारी नाल्या बांधल्या. म्हणजे भांडे आधी आले, पाणी नंतर, आणि नाली सर्वांत शेवटी. हा उलटा क्रम आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तोच आपल्याही गावोगावी पुन्हा घडलेला आहे.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले, तुळशीचे १८७९ मध्ये, आणि तानसाचे १८९२ मध्ये. त्यापूर्वी ते शहर विहिरी व तलाव ह्यांवरच अवलंबून होते. धोबी तलाव, गवालिया टँक ही नावे त्याची खूण म्हणून उरली. नळ आला आणि मोरीस नवे महत्त्व प्राप्त झाले. गिरणगावच्या चाळीतील खोलीत एका कोपऱ्यास वीतभर उंचीचा कट्टा घालून जी चौरस जागा अडविली जाई, तीच न्हाणी, तीच भांडी घासण्याची जागा आणि तीच पाणी साठविण्याची. पुरुष मंडळी बाहेर गॅलरीत उभी राहत, तेव्हा बायकांची स्नाने होत. संडास मात्र चाळीच्या टोकास, सामाईक. सकाळी हाती डबा घेऊन रांगेत उभे राहावयाचे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्या बी.डी.डी. चाळींतही १६० चौरस फुटांच्या खोलीत मोरी आतच होती, परंतु संडास मजल्यावर सामाईक. त्यातील वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांस नव्या इमारतींतील सदनिकांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. तोपर्यंत तिसरी-चौथी पिढी त्या रांगेत उभी राहिली होती.

खरा पालट झाला तो १९३० नंतरच्या दशकात, दादर, माटुंगा, शिवाजी पार्क ह्या नव्या वस्त्यांत. तेथे जी तीन-चार मजली घरे उठली, त्यांत प्रत्येक बिऱ्हाडाचा दरवाजा स्वतंत्र, आणि दरवाजाच्या आत स्वयंपाकघर, न्हाणीघर व संडास हे सर्व. अशा बिऱ्हाडास मराठीत 'ब्लॉक' हे नाव पडले, आणि 'ब्लॉकमध्ये राहतो' हे मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचे लक्षण झाले. तरी जुना संकोच एकदम गेला नाही. पुष्कळ ब्लॉकांत न्हाणीघर व संडास ह्यांच्या खोल्या वेगळ्या ठेविल्या, आणि संडास स्वयंपाकघरापासून होईल तितका दूर काढला. ही वेगळी मांडणी आमच्या मते सोवळ्याओवळ्याहूनही व्यवहारास धरून आहे : आठ माणसांच्या घरात एक जण स्नान करीत असता दुसऱ्यास खोळंबून राहावे लागत नाही.

आपल्या समाजातील जुन्या वळणाच्या घरांस एक निराळीच अडचण आली. पाणी गाळून घ्यावे आणि गाळणीत राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडावी, हा नियम. नळास विहीर कोठली? तोटीस गरणे बांधता येते, परंतु जिवाणी परत कोठे सोडणार? म्हणून कित्येक घरांत नळ आल्यावरही पिण्याचे पाणी आडाचेच राहिले, आणि नळाचे पाणी न्हाणीपुरते वापरले गेले. ह्याच संस्काराचा दुसरा भाग म्हणजे पाणी जपून वापरणे, आणि तो आज अधिक उपयोगी आहे. फवाऱ्याखाली मिनिटास आठ-दहा लिटर पाणी सहज जाते. बादलीचे स्नान पंधरा-वीस लिटरांत आटोपते. जुन्या उंच टाकीस एका वेळी दहा ते तेरा लिटर पाणी लागे. हल्लीच्या दोन बटनांच्या टाकीस मोठ्या बटनाने सुमारे सहा व लहानाने तीन लिटर पुरते.

आता किंमतीविषयी. आम्ही रुपयांची किंमत म्हणत नाही. ब्लॉक आणि मलवाहिनी येईपर्यंत, आणि लहान गावांत त्यानंतरही कित्येक दशके, शौचकूप म्हणजे टोपलीचा संडास होता. मागच्या गल्लीतून एक लहानसे दार. त्यातून टोपली ओढून डोक्यावर वाहून नेण्याचे काम एका विशिष्ट समाजाच्या स्त्री-पुरुषांकडून पिढ्यान् पिढ्या करून घेतले गेले. घराची प्रतिष्ठा पुढच्या दारी, आणि हे दार मागे. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात हे सफाईचे काम आपणांस करू द्यावे म्हणून उपोषण आरंभिले, आणि येरवड्यास गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्नत्याग केला. पटवर्धनांनी पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैलाचे खत करणाऱ्या साध्या संडासांचे प्रयोग केले. मुंबई राज्यात बर्वे समितीने व नंतर केंद्र सरकारच्या मलकानी समितीने ह्या कामगारांच्या स्थितीची चौकशी केली. कायद्याने मनाई झाली ती १९९३ मध्ये. आणि २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविणे हाही गुन्हा ठरविला. घरमालकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. टाकी उपसण्यास यंत्राची गाडीच बोलवावी. टाकीतील वायू दिसत नाही, आणि आत उतरलेल्यास वर येऊ देत नाही.

आमच्यासारख्या गावांत बहुतेक घरांची भिस्त सेप्टिक टाकीवरच आहे. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असते, हा गैरसमज होय. ते शोषखड्ड्यात मुरले पाहिजे, उघड्या नालीत सोडता कामा नये. नाली अखेर नदीसच मिळते, आणि आमची नदी वैनगंगा आहे. जेथे जागा आहे तेथे दोन खड्ड्यांचा संडास आम्हांस अधिक पसंत आहे. १९७० पासून बिंदेश्वर पाठक ह्यांच्या सुलभ संस्थेने त्याचा देशभर प्रसार केला. एक खड्डा भरला की लोट दुसऱ्यात वळवावयाचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातील मैला वास नसलेले कोरडे खत बनतो.

साहित्याविषयी थोडक्यात. देशी कारखाने निघण्यापूर्वी चिनी मातीची चांगली भांडी विलायतेहून येत. १९६० मध्ये ट्वायफर्ड ह्या इंग्रज कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान ट्वायफर्ड्स निघाली, तीच पुढे हिंदवेअर ह्या नावाने घरोघरी पोहोचली. त्याच सुमारास ठाण्यास जॉन्सनच्या टाइल्स होऊ लागल्या. तोटी पितळेची घ्यावी, आणि ती हातात धरून वजन पाहावे. आम्ही तराजूची माणसे असल्याने ही परीक्षा आम्हांस जमते. चकचकीत मुलाम्याखाली हलका धातू असला तर दोन पावसाळ्यांत चुडी गळू लागते. गुळगुळीत टाइल भिंतीस लावावी, पायाखाली खरखरीतच हवी. घरातील वडील माणसे पडतात ती बहुधा ह्याच खोलीत. भिंतीत धरावयास एक दांडी बसविण्यास फारसा खर्च येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घरात एक तरी कमोड असावा. आणि गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कदापि लावू नये. त्याच्या ज्योतीने हवेतील प्राणवायू संपतो, विषारी वायू तयार होतो, आणि आतील मनुष्यास ग्लानी येते ती जाणवतही नाही. तो बाहेर, मोकळ्या हवेत लावून नळी आत घ्यावी.

शेवटी ज्या जागेचा विचार कोणत्याही नकाशात नसतो तिच्याविषयी. आपण घरी तीन-तीन बाथरूम बांधतो, आणि गुदामात व धानाच्या वखारीत दिवसभर राबणाऱ्या हमालांस व धान्य पाखडणाऱ्या बायांस एकही नसते. धानाची धूळ अंगास किती खाजते हे पोते उचलणारासच ठाऊक. तो तसाच घामाने निथळत घरी जातो. बाया तर सकाळपासून पाणी पिणेच टाळतात, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. म्हणून गतवर्षी आम्ही आमच्या गुदामाच्या मागे पुरुषांसाठी एक न्हाणी व संडास, आणि विरुद्ध बाजूस वेगळ्या वाटेने बायांसाठी तसेच दुसरे, असे बांधून घेतले. नकाशा करण्यापूर्वी त्यांनाच विचारले. हमालांनी टाइल नको म्हणून सांगितले. पाय घासावयास खडबडीत दगड, कपडे टांगण्यास चार खुंट्या आणि उंचावर साबणाची फळी, एवढेच त्यांचे मागणे होते. बायांनी मागितले ते आतून लागणारी भक्कम कडी, दिवा, आणि दाराशी पाण्याने भरलेली टाकी. शिवाय दार रस्त्याकडे उघडू नये, हे त्यांनी दोनदा बजावले. ते दार आता आवाराच्या भिंतीकडे उघडते, आणि टाकी भरण्याचे काम आमच्या मुनीमजींच्या सकाळच्या कामांच्या यादीत चढले आहे.